काळीला कायदा, पांढरीला कोण?

गावच्या जमिनीचे रंग दोन. काळी ती शेताची, पांढरी ती वस्तीची. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं, अशी जुनी वाटणी. पैकी काळीला कायद्याचं कुंपण आहे. १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. पांढरीला असं कुंपण नाही. गावठाणातलं घर, पडका वाडा, मोकळी जागा, ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यानं घ्यावी. परदेशी नागरिकाला मनाई आहे ती वेगळी. पण मुंबई-पुण्याच्या माणसाला कुणी अडवत नाही.

मग प्रश्न उरतो तो कायद्याचा नाही. दुसऱ्याच्या चार पिढ्या ज्या घरात जन्मल्या आणि मेल्या, ते घर पैसे मोजून आपलं होतं का? आणि होत असेल, तर पैशाशिवाय आणखी काय मोजावं लागतं? आमच्या महाळुंगे पडवळात, आमच्याच आळीत एक वाडा विकायला निघाला, तेव्हा हा प्रश्न माझ्या दारात येऊन बसला. मी पडलो निवृत्त मास्तर. कागद वाचून दाखवायला आणि साक्षीदार म्हणून सही करायला गावात अजून मास्तरच लागतो.

वाडा मोठा. पुढं दिंडी दरवाजा, आत चौक, चारी बाजूंनी सोपे, मागं माजघर आणि परसात आड. सागवानी खांब एवढे जाड, की लहानपणी लपाछपीत आम्ही त्यांच्याआड उभे राहिलो तर दिसत नसू. आता एका बाजूचा सोपा बसलेला, कौलं फुटलेली, भिंतीला पिंपळ. वारस अकरा. त्यातले दहा मुंबई, पुणे, भोसरी, चाकण इकडं पांगलेले. अकरावी आत्याबाई. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी परत आल्या, त्याला आता पन्नास वर्षं झाली. माजघराशेजारच्या खोलीत त्या एकट्या राहतात. वाड्यात रोज संध्याकाळी दिवा लागतो तो त्यांचाच.

गिऱ्हाइकं दोन आली. एक जुन्या लाकडाचा व्यापारी. त्याला वाडा नकोच होता; खांब, तुळया, कोरीव चौकट आणि तळखडे हवे होते. असला माल शहरातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत जातो. त्याचा भाव जास्त, पैसे लगेच, अट एकच, वाडा रिकामा हवा. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचं एक जोडपं. त्यांना वाडा दुरुस्त करून राहायचं होतं, निदान महिन्यातले दहा दिवस. त्यांचा भाव कमी.

गावात दोन्ही बाजूंनी बोलणी सुरू झाली. पारावर एक वडीलधारे तावातावानं म्हणाले, "बाबू गेनूच्या गावात भायेरच्याला वाडा द्यायचा?" हा सवाल आमच्या गावात हलका नाही. हुतात्मा बाबू गेनू सैद इथले, १९०८ चा जन्म. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली गेले. वय अवघं बावीस. पण मला त्या म्हणण्यातली गफलत बोचली. बाबू गेनू स्वतः पोटासाठी मुंबईत गिरणीत काम करत होते. मुंबईला ते बाहेरचेच होते, तरी मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी जीव दिला. त्यांनी अडवला तो गाडीतला माल. इथल्या माणसाचा रोजगार मोडून तो विकला जात होता. राहायला आलेल्या माणसाला अडवायला त्यांचं नाव वापरणं मला पटलं नाही.

आणि बाहेरचा म्हणजे नेमका कोण? पेशवाईतल्या कागदांत गावच्या शेतकऱ्याचे दोन प्रकार दिसतात, मिरासदार आणि उपरी. मिरासदार पिढीजात हक्काचा, उपरी बाहेरून येऊन कसणारा. एखादं कुळ दुष्काळात किंवा साथीत बुडालं, परागंदा झालं, की त्याची जमीन गतकुळी व्हायची. मग गाव ती नव्या माणसाला मिरासपत्र करून द्यायचं आणि उपरी मिरासदार व्हायचा. म्हणजे आज छातीवर हात मारून "आम्ही मूळचे" म्हणणाऱ्या किती घरांचा मूळपुरुष उपरी असेल, ते त्या मातीलाच ठाऊक. आमच्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. त्या जलाशयाला आज बाबू गेनूंचंच नाव आहे. तिथून उठलेली माणसं ज्या ज्या गावी गेली, तिथं पहिल्या दिवशी उपरीच होती.

त्या जुन्या मिरासपत्रातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. ते पत्र गावाच्या साक्षीनं व्हायचं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्यादेखत. जमिनीबरोबर सरकारसारा आणि गावची देणी नव्या माणसाच्या माथी यायची, आणि त्याचा हक्क राखणं गावाच्या माथी. आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो, अंगठा आणि दोन साक्षीदार एवढ्यात काम होतं. किंमत उतरते, पण कुणाचं कुणाला काय लागतं ते उतरत नाही.

वाडा राखला पाहिजे असं म्हणणारेही आळीत पुष्कळ निघाले. "आपली शान हाये ती," म्हणाले. यावर वारसांतल्या थोरल्या पुतण्यानं मला तोंडावर सुनावलं, "गुरुजी, तुमाला वाडा बघायला लई आवडतो. पावसाळ्यात चार रात्री त्यात झोपून बघा की!" त्याचं खरं होतं. दर वर्षी कौलं शाकारायचा खर्च कुणी पारावरचा देत नव्हता. ज्याला दुरुस्तीचा रुपया द्यायचा नाही, त्यानं दुसऱ्याला पूर्वजांची आण घालू नये.

शिवाय वाड्याची शान सगळ्यांना सारखी नव्हती. वतनं होती तोवर त्या ओसरीवर काही माणसं गादीवर बसायची आणि काही माणसं चौकाबाहेर उन्हात उभी राहायची. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, पाटीलकी १९६० नंतर गेली; पण दिंडीतून आत न जाणाऱ्यांच्या घरी ती आठवण अजून आहे. वाडा पडला तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल आणि कुणाच्या येणार नाही, हे मी ओळखून आहे. म्हणून वारसा या शब्दावर गावाला कोंडून धरायला माझा नकार होता.

फ्रान्समध्ये लियॉंला माझा एक विद्यार्थी नोकरीला आहे. त्याला फोनवर हे सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "गुरुजी, इथं हेच चाललंय." तिकडच्या खेड्यांतले जुने दगडी वाडे, ज्यांना ते मानवार म्हणतात, परदेशी माणसं घेतात. दोर्दोन्य भागात तर इंग्रजांची वस्तीच झाली आहे. घर घ्यायला परक्याला आडकाठी नाही. पण शेतजमीन विकायची म्हटली, तर १९६० पासूनची एक संस्था आहे, साफेर नावाची. ती मध्ये पडून जमीन आधी स्वतः घेऊ शकते. म्हणजे काळीला कुंपण आणि पांढरी मोकळी, हे तिथंही आहेच.

त्यानं आणखी एक रीत सांगितली, व्हियाजे. म्हातारं माणूस घर विकतं, पण मरेपर्यंत त्यातच राहतं. घेणारा सुरुवातीला काही रक्कम आणि मग महिन्याच्या महिन्याला पैसे देत राहतो. आर्ल गावच्या जान कालमां या बाईंनी १९६५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, एका वकिलाशी असा करार केला. वकील महिन्याला अडीच हजार फ्रँक देत राहिला, १९९५ मध्ये वारला, पुढं त्याची बायको देत राहिली. आणि बाई १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन गेल्या. लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. मला त्यातला कागद आवडला. घर विकलं जातं आणि माणूस उठवलं जात नाही, असं लिहून देता येतं.

कारण इकडं सगळी बोलणी आत्याबाईंना वगळून चालली होती. पुतण्यांचा हिशेब सरळ होता: आत्याला इतकी वर्षं राहू दिलं, आता हक्कसोड पत्रावर तिचा अंगठा घ्यायचा आणि कुणीतरी तिला चाकणला न्यायचं. कागद वाचायला माझ्याकडं आला. मी आत्याबाईंना तो जसाच्या तसा वाचून दाखवला, आणि कागदात नव्हतं तेही सांगितलं. त्यांचे वडील १९७१ ला वारले. म्हणजे १९५६ चा वारसा कायदा तेव्हा लागू होता आणि वडिलांच्या वाट्यात मुलीचा वाटा होता. पुरुष वारसांनी वाटणी काढल्याशिवाय राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, ती अटही २००५ च्या दुरुस्तीनं काढून टाकली. त्यांना कुणी ठेवून घेतलं नव्हतं. पन्नास वर्षं त्या स्वतःच्याच घरात राहत होत्या.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पुतण्याला म्हणाल्या, "बाबा, वाडा इका, माझं न्हाई म्हननं न्हाई. पर मी हाये तवर माझ्या खोलीवरचं कौल कुनी हलवायचं न्हाई. आन माझं जे काय निघंल त्ये माझ्या नावानं बँकंत."

तिथं व्यापारी गेला. त्याला रिकामा वाडा हवा होता. मुंबईच्या जोडप्यानं दोन दिवस विचार केला आणि मान्य केलं. खरेदीखतात आत्याबाईंचा हयातीपर्यंत राहण्याचा हक्क लिहिला गेला, आडाच्या पाण्याची आळीची वाट लिहिली गेली. मी सही केली. व्यापाऱ्याच्या आणि त्यांच्या भावातला फरक अकरा जणांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येकाचं थोडं थोडं कमी झालं. थोरला पुतण्या माझ्याशी अजून बोलत नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि त्याला तो पैसा हवा होता. त्याचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट खतात लिहिता आली नाही. यात्रेत पालखी त्या वाड्याच्या ओट्यावर टेकते. हा हक्क कुणाचा, देवाचा, गावाचा, की ओट्याचा? वकिलाकडं त्याला रकाना नव्हता. पहिल्या यात्रेला पालखी आली तेव्हा नव्या मालकीणबाई दिंडीत नुसत्या हात जोडून उभ्या. आत्याबाई आतून ओरडल्या, "अगं सूनबाई, भोयांच्या पायावर पानी घाल!" त्या धावत जाऊन तांब्या घेऊन आल्या. आळीतल्या बायका हसल्या, पण तांब्या दुसऱ्यांदा भरून द्यायला त्यांच्यातलीच एक पुढं झाली.

माझं मत एवढंच आहे. घर विकणं हे पाप नाही आणि घेणं हे पुण्य नाही. घेणाऱ्याचं गाव कोणतं, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. घरावर कुणाकुणाचं काय लागतं हे तो विचारतो का, ते बघावं. विकणाऱ्यानंही ते लपवू नये, विशेषतः घरातल्या बाईचं. आणि पांढरीला कायद्याचं कुंपण नसेल, तर राखणदारी गावाकडं येते. ती नुसती अडवण्याची नव्हे, सामावून घेण्याचीही. त्या जोडप्याकडं आमच्या मंडळानं दोन वर्षांत तीनदा वर्गणी मागितली. पांढरीच्या कामाचं काही ठरवायला म्हणून बसलो, तेव्हा त्यांना एकदाही बोलावलं नाही. पैसे घेताना गावचे आणि बोलताना बाहेरचे, हा हिशेब आपण कुठल्या वहीत लिहिणार आहोत, ते मी पुढच्या बैठकीत विचारणार आहे.