सोंग कोणाचे, दार कोणाचे?

पुरुषाने लुगडे नेसले की लोक हसतात. तमाशात हसतात, नाटकात हसतात, सिनेमात हसतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात तर सर्वांत मोठा हशा यालाच मिळतो. हे हसू इतके सहज येते की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. पण आपण नेमके हसतो कोणाला? लुगडे नेसलेल्या पुरुषाला, की रोज लुगडे नेसणाऱ्या बाईला? आणि ज्याने सोंग घेतले त्याच्यावर ती वेळ आणली कोणी? हे प्रश्न वरवर करमणुकीचे दिसतात. माझ्या मते ते नीतीचे आहेत, आणि आपल्या वाचकांना ते इतरांपेक्षा थोडे अधिक जवळचे आहेत.

जगभर गाजलेले उदाहरण आधी घेऊ. १९५९ साली बिली वाइल्डर या दिग्दर्शकाचा 'सम लाइक इट हॉट' हा हॉलिवूडचा चित्रपट आला. कथा १९२९ सालातली. शिकागोत गुंडांनी केलेले हत्याकांड दोन गरीब वादक पाहतात. आता गुंड त्यांच्या मागावर. जीव वाचवायला ते बायकांचा वेष घेतात आणि बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांनी ही कामे केली. नायिका मर्लिन मन्रो. अमेरिकेत त्या काळी चित्रपटांवर 'हेज संहिता' नावाची नैतिक नियमावली होती. १९३४ पासून ती कडकपणे पाळली जात असे. पुरुषाने स्त्रीवेषात वावरावे आणि त्याच्यावर दुसऱ्या पुरुषाने भाळावे, हे तिच्यात बसणारे नव्हते. चित्रपट त्या संहितेच्या मंजुरीविनाच प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्या दहा वर्षांच्या आत ती संहिताच मोडीत निघाली.

त्यात एक साधा प्रसंग आहे. स्त्रीवेषातल्या वादकाला लिफ्टमध्ये एक म्हातारा लक्षाधीश चिमटा काढतो. तो चिडून खोलीवर येतो, तेव्हा त्याचा मित्र त्याला सुनावतो, की बायकांना रोज काय सोसावे लागते ते आता कळले ना! सगळे थिएटर हसते. पण हसता हसता एक गोष्ट सांगून होते. एरवी व्यासपीठावरून कोणी ती सांगितली असती तर लोकांनी जांभया दिल्या असत्या. विनोदी सोंगाचा पहिला उपयोग हा. निषिद्ध गोष्ट ते मागच्या दाराने घरात आणते.

आता आपल्या घरचे उदाहरण. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' ज्याने पाहिला नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' वरून घेतलेला. चार मित्र, पुणे शहर आणि घराची अडचण. घरमालकीण लीलाबाईंना भाडेकरू हवेत ते जोडपीच. मग सचिनची 'सुधा' होते, लक्ष्मीकांत बेर्डे यांची 'पार्वती' होते. सुधा आणि पार्वतीच्या फजितीवर तीन पिढ्या हसल्या. माझे विद्यार्थीसुद्धा त्यातले संवाद तोंडपाठ म्हणतात.

या चित्रपटाचा पाया मात्र विनोदी नाही. लायक, कामधंदा करणाऱ्या, कोणाचे वाईट न चिंतणाऱ्या मुलांना केवळ ते अमुक एका वर्गात मोडत नाहीत म्हणून घर मिळत नाही. दारावर अट आहे. ती अट पुरी करायची तर जे नाही ते व्हावे लागते. लबाडी मुलांची दिसते, पण तिची सुरुवात दारावरच्या अटीपासून होते.

ही अट किती जुनी आहे हे आपल्या रंगभूमीच्या इतिहासात दिसते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळाली नाही. मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये तर राम आणि सीता ही दोन्ही कामे त्यांनीच केली. त्याच काळात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगभूमीवरच्या नायिका साकारत होते, आणि कुलीन घरांतल्या स्त्रिया त्यांच्या नेसण्याची नक्कल करीत होत्या. विचार करावा अशी गोष्ट आहे. पुरुष रंगमंचावर बाई झाला तर ती कला ठरे. बाई रंगमंचावर बाई म्हणून उभी राहिली तर ती बदनाम होई. स्त्रीवेषाची ती थोर परंपरा स्त्रीला घातलेल्या बंदीतून जन्मली. बालगंधर्वांची प्रतिभा याने उणी होत नाही, पण त्या प्रतिभेला जागा कशी रिकामी मिळाली हेही विसरता येत नाही.

ती बंदी मोडणाऱ्यांत आपल्या स्त्रिया पुढे होत्या, हे आपणच फारसे सांगत नाही. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करणाऱ्या फातमा बेगम या भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. त्यांची मुलगी जुबेदा १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची नायिका. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मराठी संगीत रंगभूमीवर स्त्री म्हणून स्त्रीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत आल्या आणि पुढे त्यांच्या जीवनसाथी झाल्या. त्यापायी त्यांनी ऐकलेले बोल मराठी नाट्येतिहासाला शोभा देणारे नाहीत. बाहेरच्यांनी त्यांना मुसलमान म्हणून दूर ठेवले आणि आपल्या लोकांनी नाटकवाली म्हणून. दोन्ही दारे बंद.

पहिल्या प्रश्नाकडे परत येते. हसतो कोणाला? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. संमेलनात ड्रामा असला की कधी एखादा मुलगा ओढणी घेऊन अम्मी होतो, कधी एखादी मुलगी शेरवानी घालून मौलाना आझाद होते. अम्मी रंगमंचावर आली की मंडप हसून लोटपोट होतो. मौलाना आझाद आले की टाळ्या पडतात. हसत कोणी नाही. वेष दोघांनी बदलला, मग एकाला हसू आणि दुसऱ्याला टाळ्या का? मला उत्तर एकच दिसते. आपल्या मनात एक शिडी आहे. मुलगा ओढणी घेतो तेव्हा तो पायरी उतरला असे वाटते, म्हणून हसू येते. मुलगी शेरवानी घालते तेव्हा ती पायरी चढली असे वाटते, म्हणून कौतुक.

हे कौतुक सुद्धा नाटकाच्या वेळेपुरते. रझिया सुलतान १२३६ साली दिल्लीच्या तख्तावर बसली. तिने पडदा सोडला, पुरुषी पोशाख घातला आणि दरबार भरवला. तिला कोणी हसले नाही. सरदार संतापले, आणि १२४० साली तिचे राज्य व प्राण दोन्ही गेले. तिचा पोशाख हे काही त्याचे एकमेव कारण नव्हते, पण त्या पोशाखाचा अर्थ सरदारांना बरोबर कळला होता. पुरुष खाली उतरला की हसायचे आणि बाई खरोखर वर चढली की चिडायचे, हे दोन्ही त्या एकाच शिडीमुळे घडते.

विनोदी चित्रपटात शेवटी सोंग उतरते, हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. म्हणून तो निर्धास्त हसतो. पार्वतीचा परशा होणार, घरमालकीण माफ करणार, लग्ने लागणार. पण ज्याचे सोंग उतरत नाही त्याचे काय? मराठी तमाशापटांत नाच्याची कामे करणारे गणपत पाटील यांना लोकांनी पडद्याबाहेरही तसेच मानले. संसारी माणूस, पण कुजबुज आणि टिंगल घराच्या उंबऱ्यापर्यंत आली. २०१० च्या 'नटरंग' चित्रपटाने हीच वेदना मांडली. पहिलवानी शरीराचा गुणा कलेपायी नाच्या होतो आणि गाव त्याचे माणूसपणच काढून घेते. ही वेदना पाहून रडलेले लोक दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर टाळी वाजवत आलेल्या तृतीयपंथीयाला पाहून तोंड फिरवतात. त्याने तर सोंगही घेतलेले नसते.

सोंग फक्त कपड्याचे असते असेही नाही. १९९७ चा कमल हासन यांचा 'चाची ४२०' आठवा. तो 'मिसेस डाउटफायर' या १९९३ च्या हॉलिवूडपटाचा भारतीय अवतार. मुलीच्या ओढीने बाप बाई होऊन सासऱ्याच्या घरात चाकरीला राहतो. नाव घेतो लक्ष्मी गोडबोले. सगळ्यांच्या लक्षात ही चाची राहिली. पण त्याच घरात दुसरे एक सोंग आहे. नासर यांनी केलेला स्वयंपाकी मुसलमान आहे आणि स्वयंपाकाच्या नोकरीसाठी ब्राह्मण बनून राहिला आहे. मूळ हॉलिवूडपटात हे पात्र नाही. ते आपल्या मातीतून आले आहे. बापाला लुगडे नेसावे लागले, या स्वयंपाक्याला नाव बदलावे लागले. दोघांचे दार एकच.

नावाचे सोंग आपल्याला अनोळखी नाही. युसूफ खान यांचे दिलीप कुमार झाले, महजबीन बानो यांच्या मीनाकुमारी झाल्या, लोकांना पोट धरून हसवणारे बदरुद्दीन काझी जॉनी वॉकर झाले. त्यांची कारणे वेगवेगळी असतील आणि त्यांच्या कलेने ती नावे मोठीही केली. पण शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या मुलाला नाव विचारल्यावर जो पुढचा क्षण येतो, त्यात कला नसते. बी. एड. करताना मीही तो क्षण अनुभवला आहे. खोली रिकामी होती, भाडे ठरले होते, नाव सांगितल्यावर खोली 'आधीच दिलेली' निघाली. बरोबरच्या एका मैत्रिणीने कळवळून सुचवले, की पुढच्या घरी 'सीमा' म्हणून सांग, सीमा दोन्हीकडे चालते. तिच्या मनात वाईट काहीच नव्हते. ती मला सुधा आणि पार्वतीचाच मार्ग दाखवत होती.

तो मार्ग चुकीचा आहे का? सोंग हे खोटे बोलणे आहे का? आपल्याकडे नीतीचा प्रश्न आला की नियतीचा, म्हणजे हेतूचा, विचार आधी होतो. फसवून दुसऱ्याचे हिरावून घेण्यासाठी घेतलेले सोंग आणि जीव, निवारा किंवा भाकरी यांसाठी घेतलेले सोंग एका तराजूत घालता येत नाही. खान्देशात बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारी येतो, दटावतो, हसवतो आणि दाणे मागून घेतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात होळीला बावा-बुध्या होणारे आदिवासी बांधव आधी कितीतरी दिवस पालनी पाळतात. त्यांचे सोंग हे व्रतच असते. तेव्हा वेष बदलला एवढ्यावरून न्याय करता येत नाही.

यावर कोणी वडीलधारे हदीस सांगतील, की स्त्रीचे रूप घेणाऱ्या पुरुषावर आणि पुरुषाचे रूप घेणाऱ्या स्त्रीवर लानत आहे. ती हदीस मला ठाऊक आहे आणि तिच्याशी वाद घालायची माझी योग्यता नाही. पण आपल्याच फिकहच्या जुन्या ग्रंथांत 'खुन्सा' व्यक्तीच्या वारसाहक्काची चर्चा आहे, हेही तितकेच खरे. जन्माने जो स्पष्टपणे पुरुष किंवा स्त्री नाही, त्याचा वाटा किती याचा हिशेब फकीहांनी बारकाईने केला. त्याला हिशेबातून वगळले नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख दिली. आपल्या विद्वानांनी त्याच्या कितीतरी शतके आधी अशा एका माणसाचा वाटा कागदावर लिहून ठेवला होता. आपण तो घरात दिला का? लग्नात, बाळंतपणात दुआ घ्यायला त्यांना बोलावतो. भाड्याने खोली देतो का? शाळेत शेजारच्या बाकावर आपले मूल बसवतो का?

म्हणून मला वाटते, सोंगाच्या गोष्टी पाहून हसावे, भरपूर हसावे. हसणे हराम नाही. मात्र हसून झाल्यावर त्या दाराकडेही एकदा पाहावे. शिकागोच्या वादकांसमोर मृत्यूचे दार होते, पुण्याच्या मुलांसमोर घरमालकिणीचे, चाची ४२० मधल्या स्वयंपाक्यासमोर जातीधर्माचे. आपल्याला खोली नाकारली जाते तेव्हा आपण अन्याय म्हणतो, आणि तो अन्यायच आहे. पण मग आपल्या दारावरच्या अटीही वाचल्या पाहिजेत. गाणे शिकणारी मुलगी घरात वेगळे नाव सांगून रियाजाला जात नसेल ना? ओढणीशी खेळणारा मुलगा बापाची चाहूल लागताच दबकत नसेल ना? दुसऱ्या बिरादरीतली सून आपली बोली लपवत नसेल ना?

आपल्या घरात, मोहल्ल्यात, वर्गात कोणाकोणाला सोंग घेऊन वावरावे लागते, याची यादी ज्याने त्याने आपल्यापुरती करावी. ती जितकी लहान, तितके ते घर मोठे.