खऱ्या आंकड्याची किंमत

असत्य कधीं क्षम्य ठरतें काय, हा नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. महाविद्यालयांत तो शिकवितांना आम्ही नेहमीचींच उदाहरणें देत आलों आहों. दारावर आलेल्या मारेकऱ्यास आंत दडलेल्या मित्राचा ठावठिकाणा सांगावा काय, हें कांटनें चर्चिलेलें उदाहरण एक. आणि अश्वत्थामा पडला असें द्रोणांस सांगतांच भुईच्या चार बोटें वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीस टेंकला, हें महाभारतांतील दुसरें. दोन्ही उदाहरणें भव्य आहेत, आणि भव्य असल्यामुळेंच श्रोत्यांस निरुपद्रवी वाटतात. आपल्यापैकीं कोणाच्या दारीं मारेकरी येत नाहीं, व कोणाचा रथहि अधांतरीं चालत नाहीं. आपलें असत्य फार लहान असतें. कधीं कधीं तें शाळेच्या प्रगतिपुस्तकांतील एका रकान्यांतहि मावतें. तशाच एका लहानशा असत्याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पहिल्या वर्षाच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपली मराठीची उत्तरपत्रिका घेऊन आम्हांकडे आला. तो जिल्ह्याच्या एका टोकाकडील खेड्यांतून आलेला. दहावींत त्याला पाऊणशें टक्क्यांच्या आसपास गुण होते, आणि आमच्या चाचणींत तो नापास झाला होता. उत्तरपत्रिकेंत एकहि वाक्य धड शेवटास गेलेलें नव्हतें. आम्हीं त्याला शेजारीं बसवून एकेक ओळ घेतली व कोठें काय चुकलें आहे तें दाखविलें. तासभर तो मान खालीं घालून ऐकत होता. उठतांना एवढेंच म्हणाला, "सर, हे मले आधी कोणीच काहून नाही सांगितलं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. परंतु याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. वर्षाच्या अखेरीस, मुलगा गरीब आहे, दुरून येतो, एक वर्ष वायां गेलें तर घरचे शिक्षण सोडवतील, असें मनांत आणून आम्हींहि त्याच्या पदरांत चार गुण टाकले आणि त्याला वरच्या वर्गांत ढकललें. ज्या मालिकेविषयीं त्यानें तक्रार केली होती तिच्यांतील आणखी एक दुवा आम्ही झालों. पुढल्या वर्षीं तो महाविद्यालयांत दिसला नाहीं.

या मालिकेचें पहिलें टोंक पाहावें म्हणून मग आम्ही खेड्यांतील शाळांकडे वळलों. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे तेरा तालुके आहेत. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा, मौद्याकडे धान, भिवापूरकडे मिरची, आणि रामटेक-पारशिवनीच्या उत्तरेस जंगल व त्यांत गोंडांचीं गांवें, असा हा बहुरंगी मुलूख आहे. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. तेव्हांपासून अशा गांवांतील प्राथमिक शिक्षणाचा भार मुख्यत्वें त्यांवर आहे. जवळपासच्या कांहीं शाळा मिळून एक 'केंद्र' होतें व त्यावर एक केंद्रप्रमुख असतो. आम्ही गेलों त्या शाळेंत पहिली ते पांचवीचे वर्ग, पट तेवीस आणि शिक्षक दोन. त्यांतले एक कसलीशी माहिती भरण्यासाठीं तालुक्याला गेलेले. दुसरे गुरुजी पांचहि वर्ग एका खोलींत घेऊन बसले होते, व कांहीं मुलें कापसाच्या वेचणीला गेल्यामुळें ती खोलीहि मोठी वाटत होती.

गुरुजी मनानें निर्मळ होते. मुलें कशीं वाचतात असें विचारतांच त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, "सर, कागदावरचं सांगू की खरं सांगू?" मग त्यांनीं खरें सांगितलें. पांचवींतल्या चारांपैकीं दोघांस दुसरीचें पुस्तक नीट वाचतां येत नव्हतें. कागदावर मात्र चौघेहि उत्तम होते. कारण विचारलें तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "खरा आकडा पाठवला की खुलासा मागणारं पत्र येतं, दुसरा पाठवला की अभिनंदनाचं. मदत घेऊन मात्र दोन्ही वेळां कोणीच येत नाही."

हीं तीन वाक्यें आम्ही विसरलों नाहीं. आमच्या असत्याचें मूळ दया होतें, गुरुजींच्या असत्याचें भय. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनाहि आणखी वरच्यांचें भय असणार. आणि सर्वांत वर जेथें भय संपतें तेथें अभिमान सुरू होतो. आपल्या जिल्ह्याचा, आपल्या विभागाचा आंकडा दुसऱ्याच्या पुढें असावा ही हौस. मे २०२५ मध्यें दहावीचा निकाल लागला तेव्हां नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांसह नऊ विभागांत अखेरचा ठरला आणि कोंकण विभाग ९८.८२ टक्क्यांनीं पहिला. आपण शेवटचे ठरलों याची खंत आमच्या शहरांतील सुशिक्षितांनीं बोलून दाखविली. त्या नव्वद मुलांस खरोखर काय येतें, व उरलेल्या दहांचें पुढें काय होणार, हे प्रश्न आमच्या कानीं फारसे आले नाहींत.

येथें कोणी म्हणेल, कीं मग उपाय सोपा आहे. सर्वांनीं खरे आंकडे लिहावे. परंतु आंकड्याच्या बाजूनें न्याय आहे असें समजणेंहि भाबडेपणाचें आहे. या शाळेचेंच पाहा. पांचवींत मुलें चार. परीक्षेच्या दिवशीं एक तापानें पडला तर शाळेचा निकाल पंचाहत्तर टक्के. दुसरा वेचणीला गेला तर पन्नास. शहरांतील ज्या शाळेंत त्या वर्गांत दोनशें मुलें आहेत, तेथें चार आजारी पडलीं तरी दोनच टक्क्यांचा फरक. पुढल्या वर्षीं त्याच खेड्यांत योगायोगानें चार हुषार मुलें आलीं कीं निकाल शंभर टक्के! तेच गुरुजी, तीच खोली, तोच फळा. म्हणून शाळांची क्रमवार यादी केली, तर तिच्या माथ्यावर बहुधा लहान शाळा दिसतील आणि तळाशींहि लहान शाळाच. त्यांत गुरुजींचा गुण किंवा दोष किती आणि केवळ संख्येचा खेळ किती, हें त्या यादीवरून कळणार नाहीं.

शिवाय मोजावयाचें काय, हाहि प्रश्न आहेच. ज्या मुलाच्या घरीं गोंडी बोलतात, त्याला शाळेच्या पहिल्या दिवशीं अक्षरांबरोबर एक नवी भाषाहि शिकावी लागते. ज्याच्या तोंडांत 'मले' आणि 'तुले' आहे त्याला पुस्तकांतला 'मला' हा पाहुण्यासारखा भेटतो. आमच्या मुलांस घरांत आयतें मिळालेलें जें, तें या मुलांस मिळवावें लागतें. दोघांस एकाच मापानें मोजून उरणाऱ्या अंतरास आपण 'गुण' म्हणतों. मराठींत मार्कांस आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणास एकच शब्द असावा, ही आमच्या मतें मोठी अनर्थाची गोष्ट आहे. कारण कमी गुण मिळालेला मुलगा सहजच आपल्यांत गुण कमी आहेत असें समजूं लागतो.

तर मग मोजूंच नये काय? हा मार्गहि आपण चोखाळून पाहिला. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासहि त्याच वर्गांत मागें ठेवूं नये असें ठरविलें. त्यामागील हेतु सदय होता; नापास हा शिक्का बसलेलें गरिबाचें मूल बहुधा शाळेंतूनच जातें. कायद्यानें मूल्यमापन बंद केलें नव्हतें, उलट तें वर्षभर चालावें असें म्हटलें होतें. व्यवहारांत मात्र 'नापास करूं नका' याचा अर्थ पुष्कळ ठिकाणीं 'पाहूंच नका' असा झाला. 'असर' या नांवानें प्रसिद्ध होणाऱ्या ग्रामीण पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें देशांतील खेड्यांमध्यें पांचवींतील १०० मुलांपैकीं सुमारें ४९ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. दहावीचे निकाल आणि हा आंकडा यांची वजाबाकी करणें बरोबर नाहीं. मुलें निराळीं, वयें निराळीं, मापेंहि निराळीं. तरीहि ज्या बाकीच्या ५१ मुलांस वाचतां आलें नाहीं त्यांपैकीं किती जणांच्या प्रगतिपुस्तकांत ही गोष्ट लिहिलेली असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पुढें २०१९ सालीं कायदा बदलला, आणि २०२३ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रानें पांचवी व आठवीस परीक्षा व पुनर्परीक्षा लावून, तींतहि अनुत्तीर्ण होणाऱ्यास मागें ठेवण्याचा नियम केला. आतां पक्ष दोन झाले आहेत. एक म्हणतो नापास करा, दुसरा म्हणतो करूं नका. आमच्या मतें दोघेहि मुलाच्या डोक्यावरून बोलत आहेत. सत्य सांगितल्यावर तें ऐकणाऱ्यानें काय करावयाचें, हा खरा प्रश्न आहे.

या बाबतींत इतिहास बोलका आहे. १८६२ सालीं रॉबर्ट लो यानें इंग्लंडांत फळ पाहून पैसा देण्याची पद्धति सुरू केली. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागें परीक्षेचे आठ शिलिंग. वाचन, लेखन व गणित यांपैकीं एकेका विषयांत मूल चुकलें कीं दोन शिलिंग आठ पेन्स कमी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ठराविक उतारे मुलांकडून घोकून घेण्यांत आले. पुस्तक उलटें धरलें तरी मूल तोच उतारा घडाघडा म्हणे, असे किस्से त्या काळचे सांगतात. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवि पस्तीस वर्षें शाळातपासनीस होता. त्यानें या पद्धतीस सतत विरोध केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती इंग्लंडांतून गेली. आपल्याकडे १८८२ च्या हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं अशी पद्धति गरीब व अज्ञानी लोकांच्या उपयोगाची नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. ज्यांच्यांत शिक्षणाची गोडीच अद्यापि उत्पन्न झालेली नाहीं, त्यांच्यामध्यें जाऊन शाळा काढणाऱ्या शिक्षकाचें पोट त्यावर भरणार नाहीं, हें त्यांचें कारण होतें. म्हणजे फळावर पैसा ठेवला कीं जमीन जेथें सुपीक तेथेंच पेरणी होणार.

उत्तराची एक दिशा मात्र आमच्या शेजारींच सांपडते. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तींतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या योजनेंतील सूतकताईवर पुष्कळ वाद झाला. परंतु परीक्षांविषयीं तिनें जें म्हटलें तें बहुतेकांच्या स्मरणांतून गेलें. रूढ परीक्षापद्धति शिक्षणास घातक आहे असें म्हणून समिति थांबली नाहीं. एखाद्या ठराविक टापूंतील शाळांचें काम पाहावयाचें, तर त्यांतील निवडक विद्यार्थ्यांची प्रगति नमुन्यादाखल तपासावी, असें तिनें सुचविलें. या सूचनेचें मर्म आम्हांस असें दिसतें, कीं माप नाहींसें केलें नाहीं, त्याचें तोंड फिरविलें. मुलाकडे रोखलेलें माप व्यवस्थेकडे रोखलें. कोणतें मूल कमी पडलें हें न विचारतां या टापूंत आपण कोठें कमी पडलों हें विचारलें.

मग प्रत्येक मुलाबद्दलच्या सत्याचें काय? तें गुरुजींस, आईबापांस आणि मुलासहि कळलेंच पाहिजे. परंतु वैद्याला नाडी कळावी तसें. रोग्याचा ताप कमी लिहिणारा वैद्य दयाळू नव्हे. आणि ताप जास्त आहे म्हणून रोग्यास दंड करणारा तर वैद्यच नव्हे. मूल दुसरीचें पुस्तक वाचूं शकत नाहीं असें गुरुजींनीं लिहिलें, तर त्या ओळीनें कोणावर तरी ऋण उत्पन्न झालें पाहिजे. एक जादा शिक्षक, दोन महिन्यांचा विशेष वर्ग, वेचणीच्या दिवसांत मुलांची सोय, गोंडी जाणणारें एखादें माणूस. असें ऋण कोणीच मानीत नसेल, तर गुरुजींकडून आपण फुकटचें सत्य मागत आहों, आणि फुकट मागितलेलें सत्य क्वचितच मिळतें.

हें सर्व लिहितांना गुरुजींस आम्ही दोषमुक्त करीत नाहीं, आणि स्वतःस तर मुळींच नाहीं. भयानें लिहिलेला खोटा आंकडा समजण्यासारखा आहे, दयेनें दिलेले चार गुणहि समजण्यासारखे आहेत. पण दोहोंचा भार शेवटीं मुलावरच पडतो. कारण जें मूल कागदावर उत्तम आहे त्याला मदत मागण्याचा हक्कच उरत नाहीं. आमची दया स्वस्त होती. चार गुण लिहावयास एक क्षण लागला. त्याला वाक्य लिहावयास शिकवावयाचें तर आठवड्याचे दोन तास वर्षभर द्यावे लागले असते. ते देणें आम्हांस शक्य होतें. आम्हीं क्षण दिला आणि तास वांचविले, व त्यालाच करुणा म्हटलें.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं मुलें जिल्हा परिषदेच्या शाळेंत जात नाहींत. आमचींहि गेलीं नाहींत. त्यामुळें तेथील आंकडा खरा कीं खोटा याची झळ आपल्या घरास लागत नाहीं. पण कर आपला आहे, मत आपलें आहे, आणि शहराजवळच्या एखाद्या केंद्रांतील शाळेंत आठवड्यास एक सकाळ घालविण्याइतका अवकाशहि पुष्कळांजवळ आहे. गेलीं दोन वर्षें आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या चाचण्यांत गुण जसे असतील तसे लिहितों, आणि शनिवारीं दुपारीं दोन तास जे येतील त्यांना घेऊन बसतों. कधीं नऊ येतात, कधीं दोन. कोणी नापास झाला म्हणजे अजूनहि हात चार गुणांकडे वळतो. तेव्हां तो विद्यार्थी आठवतो, आणि पेन खालीं ठेवून आम्ही त्याच्या जागीं बसलेल्या मुलाला शनिवारीं येण्यास सांगतों.