ताटातलं आणि टाकीतलं

श्लोक म्हटल्याशिवाय आपण घास घेत नाही, शीत सांडलं तर उचलतो. आता पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल उसाबरोबर मका-तांदळाचंही असतं. 2025 मध्ये सरकारी गोदामातला तांदूळ त्यासाठी 22 रुपये 50 पैसे किलोने दिला! मका विकणारा आपला देश 2024 मध्ये मका आणू लागला, कोंबड्यांचं खाद्य महागलं.

मग हे पापच का? बेळगावकडच्या ऊसवाल्यांना विचारा. इथेनॉलचे पैसे आले की कारखान्याकडून उसाचं बिल सुटतं, त्यांचीही चूल त्यावरच. मळीचं खुशाल करा, ती कोण खातंय? पण खाण्याजोगा तांदूळ जाळणं आम्हाला पटत नाही. रेशनची वाट बघणारी घरं आपल्याच गल्लीत आहेत.