कनाअत कोणाच्या ताटात?

दिवेलागणीच्या सुमारास आपल्या बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : आज जेवायला काय आहे? प्रश्न साधा आहे. परंतु तो कोणत्या सुरात विचारला जातो, यावर त्या घराचे पुष्कळ काही अवलंबून असते. एका घरात तो भुकेल्या माणसाचा प्रश्न असतो, तर दुसऱ्या घरात हिशेब मागणाऱ्याचा. उत्तर मात्र दोन्हीकडे सारखेच असू शकते : सकाळचा भात आहे, थोडे वरण आहे, दोन कांदे आहेत.

वाचकहो, हाच प्रश्न आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही आपल्या घरात विचारला आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला प्रसंग आहे. प्रेषित (स.) त्यांचा हात धरून त्यांना आपल्या एका पत्नीच्या घरी घेऊन गेले आणि काही खाण्यास आहे का, अशी विचारणा केली. तीन भाकरी आल्या. प्रेषितांनी (स.) एक स्वतःपुढे ठेवली, एक जाबिर (रजि.) यांच्यापुढे ठेवली आणि तिसरी मोडून अर्धी-अर्धी केली. मग तोंडी लावण्यास काही आहे का, असे विचारले. थोडा सिरका आहे, बाकी काही नाही, असे उत्तर आले. त्यांनी तोच मागवून घेतला आणि तोंडीलावणे म्हणून सिरका उत्तमच, अशी त्याची प्रशंसा केली. हजरत जाबिर (रजि.) सांगतात, त्या दिवसापासून आपल्याला सिरका आवडू लागला.

दुसरा प्रसंग हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेला आहे. प्रेषित (स.) सकाळी घरी आले व खाण्यास काही आहे का, असे त्यांनी विचारले. काही नाही, असे कळल्यावर, मग आज माझा रोजा, असे ते म्हणाले. ना कुरकुर, ना उपदेश. आणखी एका दिवशी असेच विचारल्यावर खजूर, तूप व पनीर यांपासून केलेला हैस नावाचा पदार्थ कोणीतरी भेट म्हणून पाठवला असल्याचे कळले. त्या दिवशी त्यांनी नफिल रोजा धरलेला होता, तरीही तो मागवून त्यांनी खाल्ला.

हे प्रसंग आपण अनेकदा ऐकले आहेत. त्यांवरून आपण एक निष्कर्षही काढतो की, घरात जे आहे त्यात समाधान मानावे. यालाच कनाअत म्हणतात आणि ती मोमिनाची शोभा आहे. निष्कर्ष योग्यच आहे. परंतु त्यात एक प्रश्न दडलेला आहे, जो आपण क्वचितच विचारतो. आहे त्यात भागवणे हा सद्गुण खरा. पण तो कोणाचा? जो खातो त्याचा, की जिला त्या अपुऱ्या सामग्रीतून सर्वांचे पोट भरायचे असते तिचा? आणि एखाद्याने दुसऱ्याला कनाअतीचा आदेश द्यावा, हे दीनला मान्य आहे काय?

त्याआधी एक गैरसमज दूर करू. साधे अन्न हे स्वतःहून पुण्यवान नसते आणि चांगले अन्न स्वतःहून पाप नसते. दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकराची आयत ६१ पाहा. बनी इस्राईलला मन्न आणि सलवा मिळत होते, परंतु एकाच अन्नाला ते कंटाळले आणि त्यांनी मूसा (अलै.) यांच्याकडे भाजी, काकडी, लसूण, मसूर आणि कांदे यांची मागणी केली. विचार करा, त्यांनी मागितले काय, तर मसूर आणि कांदे! आपल्याकडे अडचणीच्या दिवशी जे शिजते, तेच. मागणी साध्या अन्नाची होती, तरी ती नापसंत ठरली. कारण तिच्या मुळाशी नेमतीची नाकदरी होती. उलट, प्रेषितांना (स.) मध आणि गोड पदार्थ प्रिय होते, दुधी भोपळा आवडत असे, बकऱ्याच्या खांद्याचे मांस आवडत असे, हे हदीसग्रंथांत नोंदलेले आहे. सूरह अल-आराफच्या आयत ३१ मध्ये खाण्यापिण्याची परवानगी देऊन उधळपट्टीस मनाई केलेली आहे आणि लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने दिलेल्या शुद्ध वस्तू हराम ठरवल्या कोणी, असा सवाल केला आहे. म्हणजे पिठल्याला फजीलत नाही आणि बिर्याणीला गुन्हा चिकटलेला नाही. प्रश्न ताटात काय आहे याचा कमी, आणि त्या ताटाभोवती बसलेली माणसे एकमेकांशी कशी वागतात याचा अधिक आहे.

आता स्वयंपाकघरात चला. कोकणातील आपल्या घरांचे उदाहरण घेऊ. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. बाजारातली ताजी मासळी आटते आणि जी मिळते ती महाग असते. मग फळीवरचा डबा उघडतो. उन्हाळ्यात खारवून, वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, बांगडा बाहेर येतात. तेही नसेल त्या दिवशी कुळथाची पिठी होते : लसूण-मिरचीची फोडणी, पाणी, चार आमसुले आणि भाजून दळलेल्या कुळथाचे पीठ. देशावर हेच काम बेसनाचे पिठले आणि ज्वारीची भाकरी करते. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळते, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो.

खाणाऱ्याला वाटते, जे होते ते शिजवले, त्यात विशेष ते काय? परंतु पावसाळ्यात बोंबील हाताशी असतात, ते कोणीतरी मे महिन्याच्या उन्हात ते राखत बसलेले असते म्हणून. कोणत्या डब्यात काय उरले आहे, तांदूळ किती दिवस पुरेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिखट चालत नाही, धाकट्याला ताप आहे, हे सारे कोणाच्या तरी डोक्यात सतत चाललेले असते. हाताशी असलेल्या वस्तूंतून पोटभर जेवण उभे करणे हे कौशल्य आहे, श्रम आहे आणि इस्राफपासून घराचे रक्षणही आहे. जी व्यक्ती हे रोज करते, ती कनाअतीवर बोलत नसेल, पण ती रोज अमलात आणत असते. बहुतेक घरांत ती व्यक्ती आई, पत्नी, बहीण किंवा सून असते.

आणि इथेच एक विसंगती निर्माण होते. मिंबरवरून कनाअतीचे बयान होते तेव्हा समोरच्या सफांत बहुतांशी पुरुष बसलेले असतात. उपदेश त्यांना उद्देशून असतो. परंतु पुष्कळदा ते तो स्वतःजवळ ठेवत नाहीत. घरी नेऊन पत्नीच्या हाती सोपवतात. महिन्याच्या खर्चाला हात आखडता घ्यायचा आणि कमी पडले की सबर करायला सांगायचे. मित्रांबरोबर नाक्यावर कबाब खाऊन यायचे आणि घरी डाळ पाहून, आजही हेच का, असे विचारायचे. अशा वेळी कनाअत हा शब्द उच्चारला जातो खरा. पण त्याच्या आड असतो तो बुख्ल, म्हणजे कंजूषपणा.

शरीअतने या दोहोंत गल्लत होऊ दिलेली नाही. हजरत हिंद बिंत उतबा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार केली की, पती हात राखून खर्च करतात, त्यांना न कळू देता काही घेतल्याखेरीज स्वतःचे व मुलाबाळांचे भागत नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना सबर करण्याचा उपदेश केला नाही. रूढ प्रमाणात स्वतःला आणि मुलांना पुरेल इतके घेण्याची त्यांनी परवानगी दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. पत्नी व मुलांचा नफका हा पुरुषावरचा हक्क आहे, त्याची मेहेरबानी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. स्वयंपाकाबाबतही हेच पाहा. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. शाफई फिक्हनुसार स्वयंपाक करणे हे पत्नीवर निकाहामुळे येणारे बंधन नाही. हनफी फकीह ती तिची दियानतन, म्हणजे अल्लाहसमोरची नैतिक जबाबदारी मानतात. परंतु काझीने तिला त्याची सक्ती करावी, असे म्हणत नाहीत. याचा अर्थ उद्यापासून चूल बंद व्हावी असा नाही. अर्थ इतकाच की, आपल्यापुढे जे ताट येते त्यात एहसानचा मोठा वाटा असतो, आणि एहसानला दोष देणे हे सभ्यतेतही बसत नाही.

हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी (स.) कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत, इच्छा असेल तर खाल्ले, नसेल तर सोडून दिले. एकदा दस्तरख्वानवर भाजलेली घोरपडीसारखी वस्तू आली. त्यांनी हात मागे घेतला. ती हराम आहे का, असे विचारल्यावर नाही म्हणाले, फक्त आपल्या प्रदेशात ती खाल्ली जात नसल्यामुळे मन घेत नाही, इतकेच कारण सांगितले. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ती त्यांच्यासमोरच खाल्ली. आवड-निवड असणे हा गुन्हा नाही. ती रांधणाऱ्याच्या माथी मारणे, हे मात्र सुन्नतच्या विरुद्ध आहे.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे : ज्याची मिळकतच तोकडी आहे, त्याने काय करावे? तो कंजूष नाही, हतबल आहे. सूरह अत-तलाकच्या आयत ७ मध्ये त्याला दिलासा आहे. ज्याची ऐपत आहे त्याने ऐपतीप्रमाणे खर्च करावा आणि ज्याची रोजी मर्यादित आहे त्याने अल्लाहने जे दिले त्यातून; अल्लाह कोणावरही त्याच्या सामर्थ्यापलीकडचे ओझे टाकत नाही. अशा माणसाने पत्नीसमोर खाली मान घालण्याचे कारण नाही. परंतु त्याने त्या तीन भाकरी आठवाव्यात. टंचाई आली तर ती मोडून समोरासमोर वाटली गेली. यजमानाकडे दीड, पाहुण्याकडे दीड. ज्या घरात पुरुष व मुले आधी जेवतात आणि रांधणारी शेवटी पातेले खरवडून जेवते, त्या घरात टंचाई वाटली जात नाही. ती एकाच व्यक्तीच्या ताटात लोटली जाते. सेवकाने जेवण आणले तर त्याला सोबत बसवावे, ते शक्य नसेल तर निदान एक-दोन घास द्यावेत, कारण आचेची झळ आणि श्रम त्याने सोसले आहेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सेवकाचा एवढा हक्क, तर मग जिच्याशी निकाह झाला आहे तिचा किती?

हजरत उमर (रजि.) यांची ती रात्रही आठवा. मदीनेबाहेर एक स्त्री चुलीवर नुसते पाणी उकळत ठेवून रडणाऱ्या मुलांची समजूत घालत होती. खलीफांनी तिला सबरची फजीलत सांगितली नाही. ते परत गेले, पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन आले, आणि चूल फुंकत स्वतः शिजवू लागले; धूर त्यांच्या दाढीतून निघत होता. आपल्या वाट्याची कनाअत त्यांच्याजवळ होतीच. दुसऱ्याच्या रिकाम्या भांड्यासमोर उभे राहिल्यावर मात्र त्यांनी तिचा उच्चार केला नाही.

यावरून एक कसोटी हाती लागते, असे मला वाटते. स्वतःच्या ताटाविषयी बोलायचे असेल तर कनाअतीचे बोलावे. दुसऱ्याच्या ताटाविषयी बोलायचे असेल तर हक्काचे आणि औदार्याचे. हा क्रम उलटला की तोच शब्द जुलूम बनतो. आणि हे दुसरे ताट घराच्या उंबऱ्यापाशीही थांबत नाही. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शिकवले की, रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी. या शिकवणीत वेगळा पदार्थ, वेगळा खर्च काहीच नाही. जे शिजते आहे त्यातच एका वाटीची भर आहे.

वाचकहो, करण्यासारखे फार अवघड काही नाही. आज रात्री ताट पुढे येईल तेव्हा त्यातल्या एखाद्या पदार्थाचे नाव घेऊन त्याची प्रशंसा करा. सिरक्याची झाली होती, तर पिठल्याची व्हायला हरकत नाही. जिने रांधले ती जेवायला बसेपर्यंत थांबा, आणि भांड्यात तिच्यासाठी काय उरले आहे ते स्वतः पाहा. मुले तोंड वाकडे करतील. त्यांना प्रवचन देऊ नका, तुम्ही कसे जेवता ते त्यांना दिसू द्या. महिन्याचा खर्च देताना, पुरेल का, एवढे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. पत्नीच्या मुखात घातलेल्या घासाचेही पुण्य मिळते, असे प्रेषितांनी (स.) हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना सांगितले आहे. इतक्या सहज मिळणाऱ्या अज्रकडे पाठ का फिरवावी?

अल्लाह आपल्या घरांतील थोड्यामध्ये बरकत देवो, ते थोडे समसमान वाटून खाण्याची सद्बुद्धी देवो, आणि जे हात आपल्यासाठी रोज आचेजवळ असतात त्यांना दोन्ही जगांत उत्तम मोबदला देवो. आमीन.