आवाका

१९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे चित्रपट काढण्याइतका पैसा नव्हता. ज्याच्याकडे होता त्याला काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि थोडी थोडी फिल्म खर्च करत अंकुर फुटून त्याचं झाड होईपर्यंत चित्रण केलं. पडद्यावर ते सगळं जेमतेम मिनिटभरात घडत असे. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१५ मध्ये याच फाळक्यांनी आगकाड्या एकेक चौकटीला सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली. निर्जीव वस्तूला चौकटीचौकटीने चालतं करण्याची कला आपल्याकडे अशी वाटाण्याने आणि आगकाड्यांनी सुरू झाली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वाटाण्याची निवड. हरिश्चंद्राच्या गोष्टीतला एखादा प्रवेश त्यांना कसाबसा चित्रित करता आला असता. पण नट नव्हते, कपडेपट नव्हता आणि अर्ध्यामुर्ध्या प्रवेशावर कुणी पैसे लावले नसते. हाताशी होती ती थोडी फिल्म, एक कुंडी आणि चिकाटी. तेवढ्यात पूर्ण होईल अशी गोष्ट त्यांनी शोधली आणि पूर्ण करून दाखवली. ॲनिमेशनमध्ये किंवा स्वतंत्र व्हिडिओ गेममध्ये स्वतःचं काम उभं करू पाहणाऱ्याला आजही हेच कौशल्य सगळ्यात जास्त लागतं. आवाका ओळखणं ही व्यवहाराची बाब, कलेशी तिचा संबंध नाही, असं समजलं जातं. मला ते पटत नाही. कलाकृतीचं रूपच तिथे ठरतं.

मी ॲनिमेशन शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत हमखास एक मोठं स्वप्न असतं: शिवकालावरचा गेम, सगळे गड चढता येतील, घोडदौड असेल, गनिमी कावा असेल, पावसाळा आणि उन्हाळा वेगळा दिसेल. ही स्वप्नं मला मनापासून आवडतात. आपल्या मातीतला एवढा ऐवज गेममध्ये अजून नीट आलेलाच नाही, ही त्यांची तक्रारही खरी आहे. पण दोन माणसांच्या हातून सगळे गड होत नाहीत. एका गडाची एक रात्र होऊ शकते. एक पहारेकरी, हातात मशाल, दरवाजाबाहेर कुणाची तरी चाहूल, आणि मशाल विझायच्या आत ओळखायचं की आलेला माणूस आपला की परका. हे ऐकून मुलांचे चेहरे आधी पडतात. मग त्यांतलं कुणीतरी विचारतं, मशालीच्या उजेडात नेमकं किती दिसायचं? तिथून खरा गेम सुरू होतो.

संगणकाच्या क्लासमध्ये सर बाहेर गेले की लावला जाणारा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना आठवत असेल. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने केला. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओवर टिपलं. मग टीव्हीवर एकेक चौकट थांबवून तिचे फोटो काढले, मार्कर आणि व्हाइटनरने बाह्याकृती ठळक केली आणि ती संगणकात उतरवली. त्या राजपुत्राच्या धावण्यात जे वजन जाणवतं, थांबताना पाय घसरल्यासारखा होतो, ते त्या भावाचं आहे.

पण ॲपल टू या संगणकाची तुटपुंजी मेमरी राजपुत्राच्याच हालचालींनी भरली. शत्रूसाठी जागा उरली नाही. झुंज नसेल तर खेळ फिका पडतो, असं सहकारी सांगत राहिले. शेवटी मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एका छोट्या गणिती क्रियेने ती किंचित सरकवून स्वतःवरच चढवली, आणि पडद्यावर एक झिरझिरीत, लुकलुकणारी आकृती उभी राहिली. नवं एकही चित्र काढावं लागलं नाही. आरशातून उडी मारताना राजपुत्रापासून ही सावली सुटते आणि पुढे वाटेत आडवी येत राहते. अखेर समोरासमोर गाठ पडते तेव्हा तिच्यावर वार केला की जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान केली की ती पुन्हा आपल्यात मिसळून जाते. नंतर खटपट करून त्याने पहारेकऱ्यांनाही जागा काढली, तरी लोकांच्या मनात राहिली ती सावली. मेमरी मुबलक असती तर ती सुचली असती का, मला शंका आहे.

अशी उदाहरणं शोधावी तितकी सापडतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट’ हा गेम २०१७ मध्ये आला. त्यातली बरीच पात्रं म्हणजे मोजक्या रेषांतले किडे आणि मुखवटे. नायकाला तर तोंडही नाही, पांढऱ्या मुखवट्यात दोन काळी भोकं आहेत. मोजक्या हातांना एवढी मोठी दुनिया हाताने काढता आली, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसने ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्याने केला, संवादाशिवाय. मग मंडळी जमवून, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लो’ केला, तोही संवादाशिवाय, आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. आपल्या मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट एकटीने, हाताने रंगवून केला. एकटी राहणारी म्हातारी आणि तिने जमवलेल्या काड्यापेट्यांवरची चित्रं, एवढ्यावर तो उभा आहे. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात त्याने तीन पुरस्कार मिळवले. पुढे त्यांच्याच ‘बॉम्बे रोझ’साठी सुमारे साठ चित्रकार दीड वर्ष चौकटी रंगवत होते, आणि २०१९ मध्ये तो व्हेनिसला दाखवला गेला. पंधरा मिनिटांपासून पूर्ण लांबीपर्यंत यायला मध्ये तेरा वर्षं गेली, आणि या क्षेत्रात ती मला जास्त वाटत नाहीत.

मग पोटापाण्याचं काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. मुंबई-पुण्यात या शिक्षणानंतर मिळणारी पहिली नोकरी बहुतेक वेळा रोटोची असते. परदेशी चित्रपटाचा शॉट येतो आणि नटाच्या केसांभोवती, बोटांभोवती, उडणाऱ्या पदराभोवती चौकटीमागून चौकट रेघ ओढत बसायचं. मेकनरने भावाच्या आकृतीभोवती जे केलं त्याचीच ही दूरची बहीण. फरक एवढाच की इथे तो माणूस आपला नसतो आणि तो कुठे धावतोय हे ठरवणं आपल्याकडे नसतं. मी या नोकरीला कमी लेखत नाही. दोन वर्षं माणसांच्या कडा गिरवल्या की वळताना आधी नजर जाते, मग मान, मग खांदा, हे हाताला कळतं. पुस्तकातून ते इतकं खोल उतरत नाही. काळजी वाटते ती या नोकरीला कायमचा आसरा समजण्याची. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीत मुंबई-हैदराबादचे कलाकारही होते. २०१३ मध्ये त्या कामाला ऑस्कर मिळायच्या काही दिवस आधीच कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत याच क्षेत्रातली टेक्निकलर ही कंपनी कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतल्या सुमारे तीन हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं. या माणसांच्या शोरीलमध्ये जगातले नामांकित चित्रपट होते, पण स्वतःचं म्हणावं असं तीन मिनिटांचंही काही नसलेले त्यांत कितीतरी असणार. म्हणून नोकरी करतानाच दरवर्षी एक छोटी गोष्ट पूर्ण करा, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असते. अठ्ठेचाळीस तासांच्या गेम जॅममध्ये केलेला, एका पडद्याचा, पण सुरुवात-मध्य-शेवट असलेला गेमही चालेल. टीम चेरीची मंडळीसुद्धा आधी अशाच एका जॅमसाठी छोटा गेम करून बसली होती.

ॲनिमेशनकडून गेमकडे येणाऱ्याला आणखी एक गोष्ट सोडावी लागते, आणि ती फार प्रिय असते. चित्रपटात वेळ आपल्या ताब्यात असतो. उडी मारण्याआधी पात्र गुडघ्यात वाकतं, हात मागे जातात, श्वास भरला जातो. सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशोबाने या पूर्वतयारीला आठ-दहा चौकटी सहज लागतात आणि त्यातच उडीची गोडी असते. हीच सुंदर उडी गेममध्ये घातली की खेळणारा वैतागतो. त्याने बटण दाबलेलं असतं आणि पात्र अजून वाकतंच आहे. मग वाकणं एक-दोन चौकटींवर आणायचं, पाय लगेच उचलायचे आणि कापलेलं सगळं वजन जमिनीवर उतरण्यात घालायचं: धूळ, दबलेले गुडघे, किंचित हललेला कॅमेरा. कड्यावरून पाऊल सुटल्यानंतरही काही क्षण उडी मान्य करायची, कारण खेळणाऱ्याच्या मनात तो अजून कड्यावरच असतो. माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या उडीच्या नऊ चौकटी कापून दोन केल्या तेव्हा तिला अक्षरशः रडू आलं होतं. पण नंतर तोच गेम तिच्या लहान भावाच्या हातात दिला आणि तो काही न बोलता उड्या मारत सुटला, तेव्हा तिने कापलेल्या चौकटींचं नाव काढलं नाही. आपण काढलेलं चित्र दुसऱ्याच्या बोटांनी जिवंत होणार आहे, हे स्वीकारणं मला या कलेतलं सगळ्यात मोठं मन वाटतं.

आता पैशाचा भाग. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला शंभर डॉलर लागतात, विक्रीतला साधारण तीस टक्के वाटा दुकानदाराचा. २०२४ मध्ये तिथे अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले. या गर्दीत आपला गेम दिसणं हेच अवघड. म्हणून गेम निघायच्या कितीतरी आधीपासून लोकांनी तो विशलिस्टमध्ये टाकावा यासाठी धडपडावं लागतं, आणि हे काम चित्र काढण्याइतकंच रोज करावं लागतं.

पण स्टीमच्या हिशोबात न दिसणारा खर्च मला जास्त अस्वस्थ करतो. सिॲटलच्या एरिक बरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने घडवला, असं सगळे सांगतात. त्या काळात तो नाट्यगृहात लोकांना जागा दाखवण्याचं काम करत होता आणि घर मुख्यतः जोडीदाराच्या कमाईवर चालत होतं. हाताने काढलेल्या ‘कपहेड’साठी कॅनडातल्या मोल्डनहॉवर भावांनी घरं गहाण टाकली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ करायला घेतला तेव्हा २०१७ ची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली आणि संस्थापकांपैकी एकाने राहता फ्लॅट विकला. पहाडी चित्रशैलीच्या छटा आणि बाहुल्यांच्या छायाखेळातून सांगितलेली कथा असलेला तो गेम २०२० मध्ये आला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. फाळक्यांची विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि अंधारात बसून फिल्मला छिद्रंही पाडली. स्वतंत्र म्हणवल्या जाणाऱ्या प्रत्येक कामामागे असं कुणीतरी असतं. यशस्वी झालेल्यांच्या कथेत ही माणसं निदान ओझरती येतात. ज्यांचं काम अर्धवट राहिलं, त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं याची नोंद कुठेच होत नाही.

आवाक्याबद्दल मी इतकी आग्रही आहे ती यामुळेही. सहा महिन्यांचा गेम तीन वर्षं लांबतो तेव्हा ती वाढलेली अडीच वर्षं आईच्या, बायकोच्या, भावाच्या कमाईतून जातात. किती महिने, किती पैसे, आणि कुठे थांबायचं, हे घरात बसून, कागदावर लिहून, त्यांच्या संमतीने ठरवावं. मुलं याला वेळापत्रक म्हणतात आणि कंटाळतात. पण त्या कागदावर आठ महिने लिहिलेले असले की गेममध्ये किती खोल्या असतील, पात्र बोलेल की मुकं राहील, रंग किती वापरायचे, हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

घराने किती पेलायचं यालाही मर्यादा आहे. ‘फ्लो’मागे लॅटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियममधला सार्वजनिक निधी होता. पुणे जिल्ह्याच्या निम्मीही लोकसंख्या नसलेल्या देशाने आपल्या तरुण चित्रकर्त्यावर पैसे लावले, तेही त्याने एकट्याने एक चित्रपट पूर्ण करून दाखवल्यावर. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. या क्षेत्राची दखल घेतली गेली याचा मला आनंद आहे. अशा धोरणातून उद्योगसंकुलं उभी राहतात, बाहेरचं काम येतं, तेही हवंच. त्याच्या जोडीला मला लहान अनुदानं हवी आहेत: दोन-तीन जणांच्या चमूला वर्षभर भाडं आणि जेवणखाण निघेल एवढी, आणि अर्जासोबत चकचकीत सादरीकरणाऐवजी एक पूर्ण झालेली छोटी कृती मागणारी. ती कृती मिनिटभराची असली तरी चालावी. निवड करणाऱ्यांत स्वतः गेम किंवा फिल्म पूर्ण केलेली माणसं असावीत, आणि सांगलीच्या किंवा चंद्रपूरच्या मुलीला त्यासाठी मुंबईत खोली घेऊन राहावं लागू नये.