धूर आणि मान

आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर सिगारेट ओढायची नाही, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण पाळला जाई. काका अंगणात दिसले की पुतण्या हातातली विडी पाठीमागे लपवी. हा नियम धुराचा नव्हताच, मानाचा होता. म्हणूनच तेच काका नातवंडाला मांडीवर घेऊन ओटीवर खुशाल विडी ओढत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

सालमियाच्या फ्लॅटमध्ये ना ओटी, ना अंगण. मे ते सप्टेंबर खिडक्या बंद. एसी बहुतेक घरातलीच हवा गार करून फिरवत राहतो, त्यामुळे हॉलमधला धूर आत झोपलेल्या बाळापर्यंत पोचतो. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट सांगितले. भारतात २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. कुवेतच्या २०१४ च्या पर्यावरण कायद्याने बंद सार्वजनिक जागांत ती आणली. पण कायदा फ्लॅटच्या दाराशी थांबतो, आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते.

समजा, बाबा तीन महिन्यांसाठी आले आहेत. चाळीस वर्षांची सवय. त्यांना "घरात नको" म्हणायचे? आणि पाठवायचे कुठे, जुलैच्या उन्हात? याच देशात मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंशांची नोंद झाली आहे!

तरीही म्हणायचे, असे माझे मत आहे. मान आपण राखतो, पण त्याची किंमत मोजते रांगणारे मूल, किंवा घरकामाला असलेली बाई, जिला "नको" म्हणण्याची सोयच नाही. मात्र हे सांगणे मुलाचे काम. सुनेच्या तोंडून वदवून घेणे हा निव्वळ भित्रेपणा. आणि बाबांना उन्हात एकटे धाडण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्यासोबत गल्फ रोडला चक्कर मारावी.

अशा नियमाने सवय सुटते का? ज्या घरांत पूर्ण बंदी असते तिथले लोक सिगारेट सोडण्याचा प्रयत्न अधिक करतात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. कारण समजण्यासारखे आहे. चहा, पेपर आणि सिगारेट ही साखळी घरातच जुळलेली असते. दर वेळी चप्पल घालून लिफ्टने खाली जावे लागले की ती तुटू लागते. पण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फायदा मुख्यतः सोडण्याच्या तयारीत असलेल्यांनाच झालेला दिसला. म्हणजे नियम इच्छा निर्माण करीलच असे नाही. असलेल्या इच्छेला हात देतो. "किचनच्या एक्झॉस्टखाली चालेल", "मुले झोपल्यावर चालेल" अशा अर्ध्या सवलतींचा मात्र तेवढा उपयोग होत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती खास आपली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. मळलेल्या तंबाखूला आणि आजीच्या मिशरीला घरातून बाहेर जावेच लागत नाही. तिथे धूरच नाही, म्हणून शेजारी तक्रार करत नाही, बाळ खोकत नाही, आणि हॉलमध्ये सर्वांसमोर चिमूट दाढेखाली जाते.