मुख्य आणि प्रतिनिधी

नित्य वापरातील एखादी वस्तू बाजारातून नाहीशी झाली म्हणजे तिच्या जागी कोणती आणावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा दिसतो. परंतु जिच्या साहाय्याने आपण वर्षानुवर्षे काही पाहिले व जपून ठेवले ती वस्तू गेली, की हाच प्रश्न नीतीच्या प्रांतात शिरतो. कारण जुन्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, हे ठरविल्यावाचून मग पुढे पाऊल टाकता येत नाही.

भोरजवळच्या उत्रोली येथील एका बांधावरून दर श्रावणात समोरच्या भातखाचरांचे एक कृष्णधवल छायाचित्र घ्यावयाचे, असा आमचा परिपाठ आहे. विद्यार्थिदशेत त्याचा आरंभ झाला तो ‘इंदू’ फिल्मवर. १९६० साली उटकमंड येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ती फिल्म. चांदीच्या क्षारांवर प्रकाश झेलणाऱ्या वस्तूला चंद्राचे नाव देणाऱ्याची रसिकता खरोखर वाखाणण्यासारखी! पुढे कारखाना डबघाईस आला, इंदू दिसेनाशी झाली आणि आम्ही कोडॅकच्या ‘प्लस-एक्स’कडे वळलो. २०११ साली तीही बंद झाली. जपून ठेवलेले शेवटचे रोल संपले तेव्हा जाणत्यांनी इल्फर्डची ‘एफपी-४ प्लस’ घेण्यास सांगितले. वेग तोच, १२५.

वेग तोच खरा. परंतु वेग समान म्हणून स्वभाव समान, असे होत नाही. छायेतील तपशील कोठवर टिकवावा, ढगाच्या शुभ्रतेस कोठे आवर घालावा, भाताच्या हिरवेपणास किती उजळ करडा रंग द्यावा, हे प्रत्येक फिल्म आपापल्या रीतीने ठरविते. जुन्या चित्राशेजारी नवे ठेवले, तो ढग निराळे, खाचरेही निराळी. तेव्हा एक मोह झाला. रोल धुण्याचा काळ कमीअधिक करून, छापताना कागद बदलून, नव्या चित्राला जुन्याचे सोंग देता आले असते. पाहणाराला संशयही आला नसता.

या प्रसंगी आम्हांला मीमांसकांचे स्मरण झाले. जैमिनींच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञासाठी सांगितलेले व्रीही न मिळाले तर यज्ञ सोडू नये. त्यांच्याशी सदृश असे नीवार, म्हणजे देवभात, घ्यावे. पण हा प्रतिनिधीही नष्ट झाला तर? तर नीवारांसारखे नव्हे, मूळ व्रीहींसारखेच धान्य पुन्हा शोधावे. या नियमातील शहाणपण उघड आहे. नकलेची नकल करीत गेले की मूळ वस्तू प्रत्येक पावलाला थोडी थोडी दुरावते.

तर मग आमचे मुख्य कोणते? प्लस-एक्स तर स्वतःच प्रतिनिधी होती. इंदू म्हणावी, तर तीही कशाच्या तरी जागी उभी होती. विचारान्ती ध्यानात आले की मुख्य म्हणजे ते खाचर. फिल्म कोणतीही असो, ती त्याची प्रतिनिधीच. पुढल्या श्रावणात आम्ही पिवळा फिल्टर लावला, पावसाळ्यातले कोमट पाणी बर्फाने २० अंशांवर आणून रोल धुतला आणि छापलेले चित्र जुन्या चित्राशी न ताडता थेट बांधावर नेले. शेताची म्हातारी मालकीण ते बराच वेळ न्याहाळीत राहिली आणि म्हणाली, “सर, यंदा खालच्या खाचरात पाणी कमी होतं, ते बरोबर दिसतंय बघा.” फिल्म बदलल्याचे तिला सांगण्याची गरज पडली नाही, चित्राच्या पाठीवर मात्र आम्ही नव्या फिल्मचे नाव स्पष्ट लिहिले.

यावर कोणी म्हणेल, की मग कोणतीही फिल्म चालेल. तसे नाही. सादृश्य पाहावेच लागते. फक्त ते आपल्या सवयीशी पाहावयाचे नसून वस्तूशी पाहावयाचे असते. आणि मीमांसकांनी आणखी एक मर्यादा घातली आहे : द्रव्याला प्रतिनिधी चालतो; देवतेला, कर्माला आणि स्वतः यजमानाला चालत नाही. फिल्म गेली तर दुसरी आणता येईल. श्रावणात उत्रोलीच्या बांधावर जाऊन उभे राहण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.